शिट्टी ऐकू येते की नाही?

महोदय,

'अवकाशात आगगाडी पळवून मुलांना चुकीचे विज्ञान शिकवतात' अशी तक्रार करणारे एका शिक्षक-वाचकाचे पत्र रविवारी वाचले. मी मिरजेचा, रेल्वेत गार्ड होतो (आता ट्रेन मॅनेजर म्हणायचे). त्यांनी नावे ठेवलेला 'गॅलेक्सी एक्स्प्रेस 999' मी दिवाळीच्या सुट्टीत सहावीतल्या नातीबरोबर पाहिला. सिनेमा जपानी, 1979 चा. त्या काळी कुर्डुवाडीच्या नॅरोगेजवरून मी डोळ्यांत कोळशाची कणी घेऊन घरी यायचो. त्यामुळे वाफेचे इंजिन दिसताच सरसावून बसलो. आत सगळा कॉम्प्युटर निघाला, ती गोष्ट वेगळी.

गाडी आकाशात चढते, धूर सोडते, शिट्टी देते. नात लगेच म्हणाली, "आबा, तिथं हवाच नाही, मग शिट्टी ऐकू कशी येते?" म्हटले, "येत नाही." तेवढ्यावर भागले नाही. गाडी शनीच्या टायटन या चंद्रावर थांबते. तिने शोधून काढले, की तिथे नायट्रोजनची दाट हवा आहे, दाब आपल्या दीडपट. म्हणजे टायटनवर शिट्टी ऐकू येणार! पण ऑक्सिजन नाही, तर कोळसा पेटणार कसा, आणि वाफच नाही तर शिट्टी वाजणार कशाने? यावर आमचे जेवणापर्यंत भांडण चालले. मग अंतराचा हिशेब. शनी जवळात जवळ 120 कोटी किलोमीटर. ताशी 110 ने, मध्ये एकही क्रॉसिंग न लागता, साधारण साडेबाराशे वर्षे. राष्ट्रकूटांच्या काळात सुटलेली गाडी आत्ता कुठे आऊटरला उभी असती.

हे सगळे त्या 'चुकीच्या' शिट्टीपायी झाले. सरांना आक्षेप घ्यायचाच होता तर सिनेमाच्या सुरुवातीला त्यातल्या नायक पोराच्या आईची शिकार करतात, त्यावर घ्यायचा. तो भाग मी रिमोटने पुढे ढकलला. लहानग्यांना तो दाखवू नये, असे माझे मत.

गाडीतल्या कंडक्टरला तर चेहराच नाही, टोपीखाली अंधार आणि दोन चमकणारे डोळे. मला वाटले, आता पुन्हा प्रश्न येणार. पण नात माझ्याकडे बघून म्हणाली, "रात्रपाळीचा असेल."

– एक निवृत्त गार्ड, मिरज (जि. सांगली)