डोळ्यांनी लिहिणाऱ्याला वेळ द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नजरेवर चालणाऱ्या संगणकाची बातमी आपल्या अंकात वाचली. आनंद झाला, पण सोबतचा स्टीफन हॉकिंग यांचा फोटो चुकला. हॉकिंग उत्तरायुष्यात गालाच्या स्नायूच्या हालचालीने अक्षरे निवडत, नजरेने नव्हे. असो.

माझ्या धाकट्या भावाला मोटर न्यूरॉनचा आजार आहे. हातपाय गेले, वाचा गेली, डोळे शाबूत आहेत. या आजारात ते बहुधा बरेच टिकतात. त्याच्या संगणकाच्या पडद्याखालच्या पट्टीतून अवरक्त प्रकाश डोळ्यावर पडतो. बाहुली कुठे आहे आणि बुबुळावरची चमक कुठे, यावरून यंत्र नजर ओळखते. एका अक्षरावर ती ठरावीक वेळ टेकली की अक्षर उमटते. हा वेळ कमी ठेवला तर नुसते पाहिलेलेही उमटते, वाढवला तर डोळे पाणावतात.

विक्रेत्याचा माणूस सगळे लावून, दाखवून गेला. दुसऱ्या दिवशी उशी सरकली, मान बोटभर कलली आणि ‘प’कडे पाहिले की शेजारचे अक्षर उमटू लागले. खिडकीतून ऊन आले तर यंत्राला डोळाच सापडेना. पडदा पुन्हा बेताच्या अंतरावर आणायचा, ठिपके दाखवून नजर पुन्हा जुळवून घ्यायची, हे घरातल्या कोणाला तरी शिकवावेच लागते. यंत्र घेऊन देणाऱ्या दात्यांनी थोडे पैसे या शिकवणीसाठी राखावेत. नाहीतर ते कपाटात जाते.

दुसरी अडचण आमच्यासारख्या बोलणाऱ्यांची. नजरेने मिनिटाला पाच-दहा, सराव असला तर वीसेक शब्द होतात. आपण बोलतो शंभराच्या वर. एवढा दम कोणाला? डॉक्टर तर प्रश्न त्याचा आणि बघतात माझ्याकडे. एकदा त्याने ‘मला’ लिहिले मात्र, तिघांनी तीन अंदाज केले : पाणी, कूस, पंखा. तो लिहीतच राहिला. भाचीच्या परीक्षेचा निकाल त्याला कोणी सांगितला नव्हता.

सराव वाचा असतानाच सुरू करावा, आवाजही तेव्हाच ध्वनिमुद्रित करून ठेवावा. 2024 पासून आयफोन आणि आयपॅडच्या नव्या मॉडेलांत समोरच्या कॅमेऱ्यावर चालणारी नजरेची सोय आहे. निदान सवय होण्यासाठी ती वापरून पाहावी. आणि महागडे यंत्र आले तरी अक्षरांचा पारदर्शक फलक टाकून देऊ नये. समोरचा माणूस फलकाआडून त्याची नजर कोणत्या कोपऱ्याकडे जाते ते पाहतो आणि अक्षर जुळवतो. आंघोळीच्या वेळी, प्रवासात, चार्जिंग संपल्यावर आमचे सगळे बोलणे त्यावरच चालते. आपण या फलकाची आकृती, तो कसा धरायचा यासह, एकदा छापावी ही विनंती.

आपली,
एक वाचक