खारा वारा, चढ आणि ग्रुपसेट

मा. संपादक, स. न. वि. वि.

रोड बाइक सुटे भाग घेऊन बांधणारे ग्रुपसेटचे (गियर-ब्रेकच्या भागांच्या संचाचे) नाव आधी ठरवतात, चक्रांचे दात मागाहून मोजतात. चोर्ला किंवा अनमोडचा घाट चढायचा तर आधी दात मोजावेत. पुढची दोन चक्रे ५० व ३४ दातांची, मागची ११ ते ३४ दातांची घेतल्यास सर्वांत हलका गियर १:१ (पुढे ३४, मागे ३४) मिळतो. मागचे सर्वांत मोठे चक्र २८ दातांचे असल्यास तो १.२१ होतो आणि चढावर गुडघे बोलू लागतात. शिमानोच्या १०५ आर७००० या ग्रुपसेटमध्ये ३४ दातांसाठी लांब पिंजऱ्याचाच मागचा डिरेलर (साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारा भाग; पिंजरा साखळी ताणून धरतो) लागतो. आखूड पिंजऱ्याची मर्यादा ३० दात आहे.

फ्रीहब (मागच्या हबचा, चक्रे बसतात तो भाग) तपासा. शिमानोची १२ स्पीड रोड कॅसेट (मागच्या चक्रांचा संच) ११ स्पीडच्या हबवर बसते, पण स्रॅम रायव्हल एएक्सएसच्या १० दातांपासून सुरू होणाऱ्या कॅसेटला एक्सडीआर प्रकारची फ्रीहब बॉडी हवी. हे विसरल्यास चाकाचा खर्च वाढतो.

किनाऱ्यालगत राहणाऱ्यांनी गियरच्या केबलकडे विशेष लक्ष द्यावे. ११ स्पीडच्या शिमानो लिव्हरमध्ये (हँडलवरच्या ब्रेक-गियरच्या दांडीत) केबल तीव्र वळण घेते. तिथेच एकेक तार तुटत जाते, गियर सारखा ट्यून करावा लागतो आणि एक दिवस केबलचे डोके आतच अडकते. दर पावसाळ्यानंतर १.२ मिमीची स्टेनलेस केबल बदलावी. इलेक्ट्रॉनिक ग्रुपसेटला ही कटकट नाही, पण चार्जिंग आलेच. रोजच्या सायकलीला आम्ही मेकॅनिकल १०५च सुचवू. वाचलेल्या पैशांत चांगली चाके येतात.

आपले,
काही सायकलस्वार, फोंडा