सही न करणारा हात

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या मंगळवारच्या अंकात रखडलेल्या गटारकामाच्या बातमीला आपण ‘नगरपालिकेला धोरणलकवा’ असा मथळा दिला होता. बातमी दोनदा वाचली. निविदा मंजूर आहे, पैसे आलेले आहेत, साहेबांची सही तेवढी चार महिने झालेली नाही. ती का झाली नाही, याचा बातमीत पत्ता नाही. मथळ्यात लकवा आला आणि प्रश्न विचारायचा राहून गेला.

मी बत्तीस वर्षे हायस्कुलात इंग्रजी शिकवले. दोन वर्षांपूर्वी उजव्या अंगावरून वारे गेले. त्यामुळे सही न करणाऱ्या हाताबद्दल थोडे अधिकाराने बोलू शकते. पेन्शनच्या बँकेत सही जुळेना म्हणून शेवटी मला अंगठा उठवावा लागला. इंग्रजीच्या बाईंना! लकवा म्हणजे हात गप्प पडून राहणे, अशी बहुतेकांची समजूत असते. माझा हात गप्प नसतो. काउंटरवर मी पेन धरायला बघत होते आणि मूठ जास्तच आवळत होती. फिजिओथेरपिस्ट रोज सकाळी एकेक बोट सोडवतो आणि मग दोरीवरचे कपड्यांचे चिमटे काढून परत लावायला सांगतो. बारा चिमट्यांना मला पाऊण तास लागतो. इच्छा पुरेपूर असून हात हलत नाही, त्याला लकवा म्हणतात. साहेबांचा हात धडधाकट आहे. हात हलतो, सही करायची नाही, याला मराठीत टाळाटाळ म्हणतात, चालढकल म्हणतात, फाइल दाबून ठेवणे म्हणतात. या शब्दांना करणारा लागतो. लकव्याला लागत नाही. तो आपोआप होतो, आणि ज्याला होतो त्याची उलट कीवच येते.

हा शब्द आपल्याकडे इंग्रजी वर्तमानपत्रांच्या ‘पॉलिसी पॅरालिसिस’वरून आला. २०१३ साली शरद पवारांनी सही न करणाऱ्या हातांना लकव्यावरून टोला मारला होता, तेव्हा मीही खदखदून हसले होते. हेही कबूल केलेले बरे.

इंग्रजीला अशा क्रियापदांची भारी हौस आहे. संप झाला की रेल्वे ‘पॅरलाइझ’ होते, पाऊस पडला की शहर ‘क्रिपल’ होते. पावसाने शहर पांगळे केले म्हटले की नाला कोणी बुजवला, हे विचारायला जागा उरत नाही. आपला ‘ठप्प’ हा शब्द निदान कुणाचे हातपाय मोडत नाही. लोकल ठप्प, व्यवहार ठप्प, आणि पुढच्या ओळीत कारण द्यावेच लागते. तो सोडून ‘वाहतूक पंगू’ असे का लिहावे, हे मला कळत नाही.

शरीरावरून घेतलेले सगळेच शब्द टाकून द्या, असे माझे म्हणणे नाही. ‘हॅमस्ट्रिंग’ हे क्रियापद मला फार आवडते. गुडघ्यामागची शीर तोडून घोड्याला जायबंदी करणे, हा त्याचा मूळ अर्थ. आपल्याकडे त्याला धोंडशिरा तोडणे म्हणत. आता हा शब्द कुणी वापरत नाही. तोडणारा मागून येतो, हातात शस्त्र असते आणि घोडा एरवी उत्तम असतो, एवढे सगळे त्यात दिसते. बदलीची धमकी देऊन एखाद्या चांगल्या अधिकाऱ्याला अडकवले असेल, तर त्याच्या धोंडशिरा तोडल्या असे खुशाल लिहा. वाचक विचारील, कोणी तोडल्या?

‘बुलडोझ’ करणे, म्हणजे दांडगाईने रेटून नेणे, याचेही तसेच, करणारा त्यात दिसतो. हा शब्द यंत्राच्या आधीचा आहे. अमेरिकेत १८७६च्या निवडणुकीच्या सुमारास कृष्णवर्णीय मतदारांना मारहाण करून दहशत बसवण्याला तो वापरत. माती ढकलणारे यंत्र पुष्कळ नंतर आले.

उलट आपले ‘खच्चीकरण’. त्याचा मूळ अर्थ बैलाला विचारावा. ‘महिला आघाडीचे खच्चीकरण’ असा मथळा मी स्वतः वाचला आहे. सकाळची वेळ होती, चहा सांडला.

वर्गातली एक गोष्ट सांगते. ‘काउ’ म्हणजे धाक दाखवून दबवणे, हे क्रियापद शिकवत होते. ‘द व्हिलेजर्स वेअर काउड’ याचे एका मुलाने भाषांतर केले, ‘गावकऱ्यांच्या गाई झाल्या.’ या क्रियापदाचा गाईशी संबंध नाही, ते बहुधा जुन्या नॉर्स भाषेतून आले, असे कोशकार सांगतात. पण गरीब गाय म्हणणाऱ्या आपल्या भाषेत ते उत्तर चूक ठरवताना माझा लाल पेन अडखळला. मी अर्धा गुण दिला. तो मुलगा खाली बसला, परत उठला आणि म्हणाला, “पण बाई, केल्या कुणी?” इंग्रजी वाक्यात त्याचे उत्तर नव्हते.

८ जुलै २०२४च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ‘क्रिपल’ आणि ‘स्पॅस्टिक’ या शब्दांना समाजात हीन अर्थ चिकटला असल्याचे म्हटले आहे. यातला दुसरा शब्द, म्हणजे स्नायू आपोआप आवळले जाणारा, माझ्या फिजिओथेरपिस्टच्या फाइलीत पहिल्याच पानावर आहे, आणि तिथे त्याचा मला मुळीच राग येत नाही. तिथे तो माझ्या मुठीबद्दल खरे तेच सांगतो. माझी तक्रार भावना दुखावल्याची नाही. मथळ्यातल्या लकव्याने खोटी माहिती दिली आणि एका धडधाकट माणसाला आजारपणाची रजा मिळाली, एवढीच आहे.

तेव्हा बातमीदाराने एकदा कचेरीत जाऊन सही का झाली नाही ते विचारावे आणि जे उत्तर मिळेल त्याचा मथळा करावा. गटार आमच्याच गल्लीतले आहे.

पत्र डाव्या हाताने लिहिले आहे. एखादे अक्षर लागले नाही तर फोन करावा, नंबर पाकिटावर आहे.

आपली,
एक निवृत्त इंग्रजी शिक्षिका
वाई, जि. सातारा