गरोदरपणीची जीन्स आणि ‘दोन नंबर मोठी घ्या’चा सल्ला

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

गरोदर स्त्रियांचा आहार, व्यायाम, सोनोग्राफीच्या तारखा यांवर पुरवण्यांमध्ये भरपूर छापून येते. कपड्यांचा विषय निघाला की मात्र ‘सैल आणि सुती घाला’ एवढ्यावर भागवले जाते. जीन्सबाबत तर घरातल्या जाणत्या बायका आणि दुकानातला सेल्समन यांचे दुर्मीळ एकमत असते: दोन नंबर मोठी घ्या. हा सल्ला कुठे फसतो, हे मापाच्या भाषेत सांगण्यासाठी हे पत्र.

त्या दिवसांत जीन्स हवीच कशाला, असेही विचारले जाईल. मातृत्व लाभ कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन बाळंतपणांसाठी पगारी रजा २६ आठवड्यांची झाली. त्यातले जास्तीत जास्त आठ आठवडे बाळंतपणाआधी घेता येतात, आणि बाळाजवळ जास्त दिवस मिळावेत म्हणून अनेकजणी तेही हात राखूनच घेतात. म्हणजे आठव्या महिन्यात लोकलचे जिने चढणे आलेच. शिवाय सैल समजली जाणारी नाडीची सलवार पोटावर जेवढी काचते, तेवढी बरी शिवलेली जीन्स काचत नाही. अर्धा इंच रुंदीची नाडी दिवसभर एकाच रेषेवर दाबत राहते. संध्याकाळी तिचा लाल वळ पाहिला की हे वेगळे सांगावे लागत नाही.

आता दोन नंबरांचा हिशेब. जीन्सचा नंबर वाढतो तेव्हा कंबर, सीट, मांडी, गुडघा सगळेच वाढते. कंबरेत मिळतात दोन इंच, कंपनीगणिक थोडे कमीजास्त. पोटाला शेवटच्या महिन्यांत हवे असतात सहा-आठ, कधी दहा इंच, आणि तेही फक्त पुढच्या बाजूला. सीट आणि मांडी बहुतेकींची इंचभर, फार तर दोन इंच वाढते. मग मोठ्या नंबरची जीन्स पोटावर लागत नाही ती नाहीच, उलट सीटवर पिशवीसारखी लोंबते, आसन मांड्यांमध्ये उतरते आणि चार पावलांनी वर ओढावी लागते. पोट पुढे आल्यावर तोल सावरायला पाठीची कमान वाढते. त्यामुळे पुढचे आसन (दोन पायांच्या जोडापासून कंबरपट्टीपर्यंतचे माप) कमी आणि मागचे जास्त लागते. साध्या, बेंबीच्या जरा खाली बसणाऱ्या मिड-राइज जीन्सचे पुढचे आसन ९ ते १० इंच असते, तर पोटाखाली बसणाऱ्या जीन्समध्ये डेनिमचा पुढचा भाग ६ ते ७ इंचांतच संपायला हवा. मागचे मात्र १३-१४ इंच असेल तरच खाली बसताना कंबर उघडी पडत नाही. नंबर वाढवून हा फरक साधत नाही, तो कटिंगमध्येच यावा लागतो. अमेरिकेत डॅलसच्या एल्सी फ्रँकफर्ट यांनी १९३८ च्या सुमारास आपल्या गरोदर बहिणीसाठी स्कर्टला पोटाच्या जागी चक्क खिडकी कापली आणि त्यातून ‘पेज बॉय’ हा उद्योग उभा राहिला. पोटावरचे न ताणणारे कापड काढून टाकायचे, ही युक्ती तेव्हापासून तीच आहे.

बाजारात ढोबळमानाने तीन प्रकार मिळतात. एकात पोटाखाली दोन-तीन इंचांची रिबची (ताणल्या जाणाऱ्या विणीच्या कापडाची) पट्टी असते. दुसऱ्यात बेल्ट नेहमीचा, पण खिशांजवळ दोन्ही बाजूंना इलास्टिकचे तुकडे किंवा आतून काजांचे इलास्टिक, लहान मुलांच्या पँटीला असते तसे. तिसऱ्यात पोट पूर्ण झाकून छातीखालपर्यंत जाणारी होजियरीची उंच पट्टी. बाजूच्या इलास्टिकची जीन्स चौथ्या-पाचव्या महिन्यापुरती ठीक, कारण तिचा बेल्ट पोटावरच येतो. तोवर तर जुन्या जीन्सच्या काजातून केसांचा रबर ओवून बटणाला अडकवला तरी काम भागते, वरून कुर्ती लांब हवी एवढेच. खरी निवड उरते ती अरुंद पट्टी आणि उंच पट्टी यांत.

अरुंद पट्टी उन्हाळ्यात बरी वाटते, पोट मोकळे राहते. पण ती बसते नेमकी पोटाच्या खालच्या उतारावर. रुंदी कमी असेल तर बसता-उठताना गुंडाळी होऊन तिची दोरी बनते, आणि ही दोरी जांघेजवळ दाबते. मांडीच्या बाहेरच्या बाजूच्या त्वचेला संवेदना पुरवणारी नस तिथूनच जाते. ती दाबली गेली की मांडीला बाहेरून मुंग्या येतात, बधिरपणा किंवा जळजळ जाणवते. डॉक्टर याला मेराल्जिया पॅरेस्थेटिका म्हणतात. गरोदरपण आणि घट्ट पँट ही दोन्ही त्याची जुनी, माहीत असलेली कारणे आहेत.

उंच पट्टी घसरत नाही, कारण तिला पोटाचा पूर्ण गोलवा धरायला मिळतो. विसाव्या आठवड्याच्या आसपास गर्भाशय बेंबीपर्यंत येते आणि पुढे आठवड्याला साधारण एक सेंटिमीटर वर चढते. म्हणून पाचव्या महिन्यात बेंबीपर्यंत पुरणारी पट्टी आठव्यात अर्ध्या पोटावर थांबते. घेतानाच ९-१० इंचांची घ्यावी आणि सुरुवातीचे दोन महिने वरून दुमडून वापरावी. तिचा दुसरा फायदा सहसा कोणी सांगत नाही. सिझेरियनचा आडवा छेद ओटीपोटावर खाली, म्हणजे अरुंद पट्टी किंवा साधा बेल्ट जिथे घासतो तिथेच असतो. गर्भाशय मूळ आकाराला यायला सहा आठवडे लागतात. त्या काळात टाक्यांवरून अलगद जाणारी उंच पट्टीच सुसह्य होते. तोटा एकच, घाम. पट्टीत पॉलिस्टर जास्त असेल तर मुंबई-कोकणच्या हवेत पोटाच्या घडीत घामोळे ठरलेले. गरोदरपणात बुरशीचा संसर्गही लवकर होतो, आणि आतला ओलावा त्याला पोसतो. तेव्हा पट्टी ९५ टक्के सुती आणि ५ टक्के इलास्टेनची (ताणणाऱ्या धाग्याची) पाहावी. डेनिमही १२-१४ औंसाचे (दर चौरस यार्डाचे वजन) जाडजूड नको. ८ ते १० औंसाचे पुरे, आणि त्यात १ ते ३ टक्के इलास्टेन.

लेबलावरच्या टक्क्यांपेक्षा हाताची परीक्षा खरी. पट्टीवर १० सेंटिमीटर अंतर धरून ते १५ होईपर्यंत ताणा, दहापर्यंत आकडे मोजा, सोडा. १०.५ च्या आत परत आली नाही तर आठव्या महिन्यात ती ढिली पडून लोंबणार. ट्रायल रूममध्ये आरशापुढे उभे राहून काहीच कळत नाही. स्टुलावर पाच मिनिटे बसा, एक पाय स्टुलावर ठेवून पुढे झुका, मग जिना चढल्यासारखे गुडघे उचला. जांघेत काचले तर मांडीचे माप कमी आहे, पाठीमागे वाटीसारखी पोकळी दिसली तर मागचे आसन चुकले आहे, आणि चार पावलांत वर ओढावीशी वाटली तर पट्टी ढिली आहे. नंबर सहसा गरोदरपणाआधीचाच लागतो, तरी सीट आणि मांडी आज मोजूनच ठरवावे. घोट्यापाशी चिकटणारा स्किनी कट टाळलेला बरा, संध्याकाळी पाय सुजतात. (चेहरा आणि हातही अचानक सुजले, डोके दुखू लागले, तर जीन्सला दोष न देता लगेच डॉक्टरकडे जावे.)

दिसण्याचेही आम्ही सांगतो, कारण तो प्रश्न विचारायला अनेकींना उगाच संकोच वाटतो. सरळ किंवा किंचित बूटकट पाय पोटाच्या घेराला तोल देतो. मागचे खिसे जवळजवळ आणि सीटच्या मध्यावर असले की सीट चपटी दिसत नाही. खिसे खाली लावलेले असतील तर महाग जीन्सही ओघळल्यासारखी दिसते. पुढचे खिसे नुसते दाखवायचे असतील तर उत्तमच, आतले अस्तर पोटाखाली गोळा होत नाही. रंग गडद आणि एकसारखा असावा. मांडीवर पांढरट फेड असेल तर नजर नेमकी तिथे जाते.

नवी घ्यायची नसेल तर जुन्या जीन्सला पट्टी जोडता येते. सीट आणि मांडीत अजून इंचभर ढिली असणारी जीन्सच निवडावी. जीन्स घालून पोटाखालची गोलाई जिथे सुरू होते तिथे खडूने खूण करावी. पुढे मध्यावर ती बेल्टच्या तीन-साडेतीन इंच खाली येते, बाजूच्या शिवणीकडे चढत जाते. मागचा भाग खाली घ्यायचा नाही, तिथला फक्त बेल्ट उसवायचा. कापण्याआधीची कामे महत्त्वाची. चेनचा रनर खुणेच्या खाली ओढून चेन तिथेच आडवी टिपून बंद करा, नाहीतर कापताक्षणी रनर हातात येतो. खिशांची अस्तरेही खुणेखाली टिपून घ्या. चेन धातूची असेल तर शिवणीत येणारे अर्ध्या इंचातले दात पकडीने उपटून काढा, त्यांवर सुई हमखास मोडते. मग खुणेच्या वर अर्धा इंच दाब (शिवणीसाठी जास्तीचे कापड) सोडून कापा.

कापलेल्या कडेचा पूर्ण घेर मोजा आणि त्याच्या ८५ टक्के पट्टी घ्या. ३६ इंच घेर असेल तर साडेतीस इंच, अधिक शिवणीचा इंचभर दाब. दुहेरी, तयार १० इंच उंचीच्या पट्टीसाठी २१ इंच उंचीचा तुकडा लागतो, म्हणजे रिब ६० सेंटिमीटर आणावी. ताण अंगाभोवती फिरेल असा तुकडा ठेवायचा. उभ्या-आडव्याची इथे चूक झाली की सगळे फुकट जाते. पट्टीचे नळकांडे शिवून दुमडा, पट्टी आणि जीन्स दोन्हींवर चार समान खुणा करा आणि खूण खुणेला पिनने जोडा. शिवताना ताणायची ती पट्टी, डेनिम नाही. पुढची गोल कड तिरकी कापलेली असते, ती ओढली गेली की लाटा उमटतात आणि इस्त्रीने जात नाहीत. म्हणून आधीच त्या कडेवर साधी टीप मारून ती बांधून घ्यावी. होजियरीची १४ नंबरची गोल टोकाची सुई, पॉलिस्टरचा दोरा आणि झिगझॅग टीप वापरा, रुंदी ३, लांबी अडीच. जाड शिवणींवर चाक हाताने फिरवा. साध्या सरळ टिपेला ताण नसतो, पहिल्यांदा खाली बसताच ती तटकन तुटते. शेवटी शिवण डेनिमच्या बाजूला पाडून वरून एक झिगझॅग मारा, म्हणजे आतली कड पोटाला टोचणार नाही. चांगल्या शिंप्याचे हे फार तर दोन तासांचे काम आहे. ‘असलं काही आम्ही करत नाही’ हे उत्तर बहुधा झिगझॅग मशीन नसल्यामुळे मिळते.

एक गाऱ्हाणे तयार कपडे करणाऱ्यांकडे. सुट्या विकल्या जाणाऱ्या कपड्यांच्या लेबलांचे नियम केंद्राने २०२२ मध्ये सैल केले, तेव्हाही एस, एम, एल यांच्या जोडीने सेंटिमीटरमधला आकार द्यायला सांगितलाच. गरोदरपणीच्या जीन्सवर त्याचे पालन होते ते कंबरेचा आकडा छापून, म्हणजे न ताणलेल्या पट्टीचे माप, जे या एका कपड्यात सर्वांत निरुपयोगी. त्याऐवजी सीट, मांडी, पुढचे-मागचे आसन आणि पट्टीची उंची असे पाच आकडे छापले तर ऑनलाइन मागवलेल्या आणि परत पाठवलेल्या किती पिशव्या वाचतील. दुकानदारांनीही ट्रायल रूममध्ये एक स्टूल ठेवावे.

धुण्याबद्दल थोडेसे. जीन्स उलटी करून थंड पाण्यात धुवावी. सॉफ्टनर, ब्लीच आणि पट्टीवर गरम इस्त्री नको, इलास्टेन त्यानेच मरते. वाळत घालताना पट्टी वर करून चिमटे लावले तर ओल्या डेनिमचे सगळे वजन पट्टीवर येते आणि दोन महिन्यांची ढील चार धुण्यांत येते. पायांच्या टोकांना चिमटे लावून पट्टी खाली सोडावी, तीही सावलीत. पावसाळ्यात दोन दिवस वाळत नाही, तेव्हा जोड असलेला बरा.

आपल्या,
शिवणकाम व कटिंगच्या शिक्षिका,
डोंबिवली (पूर्व)