फ्यूजच्या जागी काय होतं, तेही छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

उन्हाळा लागला की आपल्या पानांवर एक बातमी हमखास येते. धावत्या कारने पेट घेतला, चालक सुखरूप, शॉर्ट सर्किटचा प्राथमिक अंदाज. बातमी तिथं संपते. माझी हयात उदगीरला गाड्यांची वायरिंग करण्यात गेली, त्यामुळे माझा प्रश्न तिथूनच सुरू होतो. प्रत्येक आग वायरिंगची नसते, कुजलेला पेट्रोल पाइपही असतो. पण वायर बॉडीला लागली असेल, तर फ्यूज उडून करंट तुटायला हवा होता. तो का उडाला नाही?

माझ्याकडे येणाऱ्या जुन्या गाड्यांत याचं उत्तर फ्यूज बॉक्सचं झाकण काढलं की दिसतं. 15 ॲम्पिअरच्या निळ्या फ्यूजच्या जागी 30 चा हिरवा. कुठं तोही नाही, नुसती तांब्याची तार नाहीतर सिगारेटच्या पाकिटातली चांदी. करंट दुप्पट झाला की वायरमधली उष्णता चौपट होते. मग फ्यूज शाबूत राहतो आणि जळायचं काम वायर करते, तेही सीटखालच्या गालिच्यातून जाताना.

गेल्या लग्नसराईत देवणीकडचे एक शेतकरी जुनी गाडी घेऊन आले. मागच्या दिव्यांचा फ्यूज सारखा उडायचा, खड्ड्यात तर नक्कीच. "मिस्तरी, निस्तं मोठं फ्यूज टाका, वऱ्हाड न्यायचंय," म्हणाले. मी ऐकलं नाही.

असा शॉर्ट शोधायला भारी मशीन लागत नाही. उडालेला फ्यूज काढून त्या दोन खाचांत इंडिकेटरचा 21 वॅटचा बल्ब वायरने जोडायचा. 12 व्होल्टवर हा बल्ब पावणेदोन ॲम्पिअरच्या आसपासच करंट घेतो, त्यामुळे शॉर्ट असला तरी वायर तापत नाही आणि दर वेळी नवा फ्यूजही जाळावा लागत नाही. मागचे बल्ब काढून ठेवायचे नि लाइटचं बटण चालू करायचं. आता आपला बल्ब झगझगीत पेटला, तर वायर कुठंतरी बॉडीला लागली आहे. मग एकेक सॉकेट सोडवत, वायरचा गुच्छा हातानं हलवत मागं जायचं. बल्ब विझला ती जागा.

या गाडीत पंचाईत अशी, की बल्ब पेटेचना. सीटखाली हलवून पाहिलं, चाकाच्या वर पाहिलं, काही नाही. डिकी उचलली आणि लख्ख उजेड! खाली केली की गुल. बिजागरीपाशी रबर फाटलं होतं आणि नंबरप्लेटच्या दिव्याची वायर वाकून वाकून सोलली होती. वीतभर वायर आणि नवं रबर, एवढाच खर्च. मालक मात्र उशीर झाला म्हणून फुरंगटूनच गेले.

आपल्याकडं आणखी एक मोठं कारण म्हणजे उंदीर. सोयाबीन घरी आलं की पोती आणि गाडी एकाच शेडमध्ये. त्यातून मागाहून लावलेले हॉर्न, फॉग लॅम्प, म्युझिक सिस्टिम. बॅटरीवरून सरळ वायर ओढलेली, मधे फ्यूज नाही, जोडाला काळी टेप. मे महिन्यात ती टेप सुटून लोंबते. अशी वायर बॉडीला लागली तर तिला अडवणारं कोणीच नसतं.

म्हणून दोन विनंत्या. आपल्या वार्ताहरांनी अशा घटनेत पोलिसांना आणि मेकॅनिकला विचारावं, की फ्यूज किती ॲम्पिअरचा होता आणि बाहेरून काय काय जोडलं होतं. बॉक्स जळाला असला, तरी मालकाला ठाऊक असतं. दुसरी विनंती आरटीओला. खासगी गाडीची 15 वर्षांनी पुन्हा नोंदणी होते, पुढं दर 5 वर्षांनी. तेव्हा गाडी तपासणीला येतेच, तर फ्यूज बॉक्सही उघडून बघावा. कोणत्या जागी किती ॲम्पिअर, ते बहुतेक गाड्यांत झाकणावर नाहीतर गाडीच्या पुस्तकात दिलेलं असतं आणि फ्यूजच्या डोक्यावर त्याचा आकडा असतो. दोन्ही जुळतात का हे बघायला चष्म्याशिवाय काही लागत नाही.

आपला,
एक ऑटो इलेक्ट्रिशियन, उदगीर (जि. लातूर)