कलम आधी, चाळणी नंतर

युक्रेनमधील पोलीस सुधारणांबद्दल लिहिताना परदेशी सल्लागारांना सरसकट निष्प्रभ ठरवले जाते. युरोपीय संघाची नागरी सल्लागार मोहीम डिसेंबर २०१४ पासून तिथे आहे. तिला अटकेचा वा खटला चालवण्याचा अधिकार नाही. कायद्याचे मसुदे तपासणे, प्रशिक्षण देणे, अधिकाऱ्यांना मार्गदर्शन करणे, एवढेच तिचे काम. कोसोव्होतील युरोपीय मोहिमेकडे मात्र २०१८ पर्यंत स्वतःचे न्यायाधीश आणि सरकारी वकील होते. दोन्हींना एकाच मापाने मोजू नये.

युक्रेनमध्ये माशी शिंकली ती जुन्या पोलिसांच्या पात्रतेच्या फेरतपासणीत. २०१५ मध्ये सोव्हिएत काळापासूनच्या ‘मिलित्सिया’ या जुन्या पोलीस दलाची जागा राष्ट्रीय पोलीस दलाने घेतली. जुन्या कर्मचाऱ्यांच्या लेखी चाचण्या झाल्या, मग समितीपुढे मुलाखत. बडतर्फ झालेल्यांपैकी अनेक जण कोर्टातून सन्मानाने परतले! कारण नव्या पोलीस कायद्याच्या कलम ५७ नुसार अशी तपासणी बढती, खालच्या पदावर बदली किंवा अकार्यक्षमतेवरून बडतर्फी अशा ठराविक प्रसंगीच करता येत होती. सगळ्यांची एकगठ्ठा नव्हे.

म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी कायद्यात स्पष्ट अधिकार हवा, मग लेखी निकष, मुलाखतीचे इतिवृत्त, प्रत्येक आदेशात कारणे आणि अपिलाची मुदत. इतिवृत्तात नुसते ‘अपात्र’ एवढेच लिहिले, तर सरकारी वकिलाने कोर्टात बाजू मांडायची कशाच्या आधारावर? २०२२ पासून युरोपीय संघाची ही मोहीम युद्धगुन्ह्यांच्या तपासातही मदत करते. तिथे तर पुराव्याच्या पाकिटावरील सील आणि सही चुकली, तरी खटला कोसळू शकतो.

– एक वाचक, पुणे