नाना, अडतीस नंबरचं कार्ड सापडत नाहीये

ती. नाना यांस,
शि. सा. न.

वाचनालयातल्या तुमच्या निरोपाच्या कार्यक्रमाला मी तिसऱ्या रांगेत होते. बोलायचं ठरवून आले होते, चार ओळी कागदावर लिहूनही आणल्या होत्या. पण आधी अध्यक्ष बोलले, मग कार्यवाह, मग एक माजी नगरसेवक (ते तुमच्याबद्दल कमी आणि स्वतःच्या कारकिर्दीबद्दलच जास्त बोलले), आणि मग लाइट गेली. त्यात ज्याचा निरोप त्यानेच दुपारी खुर्च्या पुसून मांडल्या, माइकमध्ये सेल घातले आणि शाल-श्रीफळ घेऊन झाल्यावर त्याच खुर्च्या पुन्हा एकात एक घालून भिंतीला लावल्या, हे बघत बसले आणि माझी चिठ्ठी पर्समध्येच राहिली.

हे पत्र पाकिटात घालून दिलं असतं तर तुम्ही ते घडी करून शर्टाच्या खिशात ठेवलं असतं आणि घरातही कुणाला दाखवलं नसतं. म्हणून उघडंच लिहितेय. रागावू नका.

वाचनालयाच्या कार्यक्रमाची बातमी छापून येते तेव्हा पाहुण्यांचं नाव येतं, अध्यक्षांचं येतं, प्रतिमापूजन कुणी केलं, सूत्रसंचालन आणि आभार कुणी, सगळं येतं. समई घासून तिच्यात तेल कुणी घातलं ते कधी आलेलं मी वाचलं नाही. १५ ऑक्टोबरला कलामांच्या जयंतीचा वाचन प्रेरणा दिन, २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन, १३ ऑगस्टला बालकवींची जयंती, जानेवारीतली व्याख्यानमाला, दिवाळी अंकांची योजना, यातलं एकही तुमच्या हाताशिवाय झालं नाही. आणि मे महिन्यातलं मुलांचं शिबिर! पारा पंचेचाळीसच्या वर, दहा वाजले की रस्त्यावर चिटपाखरू नाही. म्हणून शिबिर सकाळी साडेसातला, आणि त्याआधी कूलरमध्ये पाणी भरून, वाळ्याच्या पट्ट्या भिजवून, सतरंज्या अंथरून तुम्ही तयार. माझ्या मुलाला बालकवी कोण ते शाळेत नाही कळलं. ते धरणगावचे, आणि १९१८ साली भादलीच्या स्टेशनाजवळ रेल्वेच्या अपघातात गेले, तेव्हा तिशीसुद्धा झाली नव्हती, हे तुम्ही त्याला माठातून पाणी काढून देता देता सांगितलंत. तेव्हापासून भुसावळकडे जाताना भादली आलं की तो खिडकीतून बाहेर बघतो.

पण पत्र लिहायला बसले ते या कशासाठी नाही. ते आमच्या आत्याबाईंसाठी, म्हणजे माझ्या सासूबाईंसाठी.

तुम्हाला आठवत असेल, आठ वर्षांपूर्वीची २४ ऑगस्टची संध्याकाळ. बहिणाबाईंची जयंती. श्रावणाचा पाऊस लागलेला. जळगावहून व्याख्यात्या येणार होत्या आणि त्यांची गाडी एरंडोलच्या अलीकडे बंद पडली. हॉलमध्ये चाळीसेक बाया. त्यातल्या निम्म्या माझ्यासारख्या, सही करून वर्गणी भरणाऱ्या, आणि निम्म्या आत्याबाईंसारख्या, अंगठा उठवणाऱ्या. आत्याबाईंना मीच आणलं होतं, तेही खोटं सांगून. घरी म्हटलं होतं, हळदीकुंकू आहे. सासरे जाऊन वर्ष झालं होतं आणि त्या दिवसभर पडवीत बसून तांदूळ निवडायच्या, निवडलेलेच पुन्हा निवडायच्या. पिको-फॉलचं दुकान सोडून मला त्यांच्यापाशी बसता येत नव्हतं आणि मशिनच्या आवाजात त्यांना बसवत नव्हतं.

पाण्याच्या फिल्टरपाशी एक गृहस्थ (नाव लिहीत नाही, आता तेही थकलेत) कुणाला तरी म्हणत होते, "ज्यांना वाचता येत नाही त्यांचं वाचनालयात काय काम?" मी ते ऐकलं. तुम्हीही ऐकलंत. हातात पेल्यांचा ट्रे होता तुमच्या. तुम्ही एवढंच म्हणालात, "ऐकता त येस ना त्यासले," आणि पुढे गेलात.

पाऊण तास झाला तरी पाहुण्यांचा पत्ता नाही. कार्यवाह फोन लावत बाहेर गेलेले. बाया उठायला लागल्या, कुणाचा स्वयंपाक व्हायचा होता, कुणाची म्हैस खोळंबली होती. तेव्हा तुम्ही माइक हातात घेतलात. मी तुम्हाला माइकवर "हॅलो, हॅलो, चेक" याशिवाय काही बोलताना पहिल्यांदाच ऐकलं. वीस वर्षं दाराशी उभं राहून ऐकलेली व्याख्यानं तुमच्या डोक्यात किती नीट लावून ठेवलेली होती! १८८० साली आसोद्याला जन्मलेली ही बाई, तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात, जात्यावर, चुलीपुढे ती गाणं रचायची आणि तिचा लेक सोपानदेव आणि त्याचा मावसभाऊ ते उतरवून घ्यायचे. १९५१ साली ती गेली, मग ती वही आचार्य अत्र्यांच्या हाती पडली आणि पुढच्या वर्षी पुस्तक निघालं. "आणि ती वही नसती त?" असं विचारून तुम्ही थांबलात. कुणी काही बोललं नाही. पत्र्यावर पाऊस वाजत होता तेवढाच.

मग तुम्ही माइकची वायर ओढत ओढत थेट शेवटच्या रांगेत आलात. आत्याबाईंपुढे उकिडवे बसलात आणि म्हणालात, "माय, तू सांग ना काही. जात्यावरनं."

आत्याबाईंनी पदर तोंडाला लावला. "माले लिखता-वाचता येत नही, भो."

"ते माले येस. तू सांग."

मला घाम फुटला होता, नाना. वाटलं, आता या उठून जातील आणि घरी गेल्यावर मला हळदीकुंकवाचा जाब विचारतील. पण त्यांनी डोळे मिटले, उजवा हात जात्याचा खुंटा धरल्यासारखा मुठीत आवळला आणि त्या हाताला घुमवत घुमवतच त्या गायला लागल्या. मूठ फिरली नाही तर शब्दच येत नव्हता त्यांना. पहिल्या ओवीत भाऊ आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बहिणीला न्यायला येतो आणि बैलांच्या शिंगांचे गोंडे तिला वेशीवरूनच ओळखू येतात. दुसरी मी लग्न होऊन आल्यापासून कधीच ऐकली नव्हती. ती त्यांच्या सासूवर होती आणि चांगली झणझणीत होती. हॉल हसून लोटपोट झाला. मग पलीकडची एक म्हातारी म्हणाली, आमच्याकडे ही अशी नाही, अशी म्हणतात. मग तिसरी. म्हशी खोळंबल्याचं कुणालाही आठवलं नाही. पाहुण्या आल्या तेव्हा सव्वासात झाले होते आणि त्या शहाण्या, खुर्चीवर न जाता ओल्या साडीनेच सतरंजीवर येऊन बसल्या.

त्या दिवसापासून दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी बायांची बैठक सुरू झाली. ठराव नंतर झाला, नाव त्याहून नंतर पडलं, बैठक आधी सुरू झाली. आपलं वाचनालय ब वर्गाचं. १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली वर्ग ठरतो आणि वर्गावर अनुदान. वार्षिक अहवालात ही बैठक 'महिला मेळावा' म्हणून जायची असं नंतर कळलं. म्हणोत बापडे. मेळावा म्हणजे बिबड्याचा (ज्वारीच्या पापडाचा) चुरा आणि शेंगदाणे घेऊन पंधरा म्हाताऱ्या भांडतायत की कानबाईचं अमुक गाणं रोट भाजतानाचं की विसर्जनाचं, आणि तुम्ही कोपऱ्यात स्टुलावर बसून लिहिताय.

काय लिहिताय ते मात्र कुणी विचारलं नाही. मला वाटायचं, हजेरी लिहीत असतील.

मध्ये एकदा तुम्ही दुकानात आलात. "सूनबाई, गोधडीचा जाड दोरा दे. लाल." मी विचारलं कशाला, तर म्हणालात, "काम शे." दहा रुपये काउंटरवर ठेवलेत आणि मी नको नको म्हणेपर्यंत सायकलवर बसलातही.

आत्याबाई गेल्या त्याला येत्या पौषात दोन वर्षं होतील. तेराव्याला तुम्ही आलात. सगळ्यांचं जेवण झाल्यावर, मी हात धुवायला मोरीशी आले तेव्हा, तुम्ही पिशवीतून ती गड्डी काढून दिलीत. मी आधी ओळखलंच नाही. मग मागची बाजू दिसली. लेखकाचं नाव, पुस्तकाचं नाव, वर्गांक, दाखल क्रमांक, टाइप केलेलं. वाचनालय कॉम्प्युटरवर गेलं तेव्हा ती लाकडी कपाटं, तळहाताएवढ्या कप्प्यांची, जिन्याखाली ढकलली होती. एकेका पुस्तकाची तीन तीन कार्डं, लेखकाचं वेगळं, नावाचं वेगळं, विषयाचं वेगळं, आणि खालच्या भोकातून गेलेला तो पितळी गज, कार्डं कुणी काढून नेऊ नयेत म्हणून. ती सगळी कार्डं रद्दीत जायची होती. तुम्ही त्यांच्या कोऱ्या बाजूला आत्याबाईंच्या ओव्या लिहिल्या होत्या. एका कार्डावर एक. वर उजव्या कोपऱ्यात क्रमांक, खाली तारीख. आणि गजाच्या भोकातून माझ्याच दुकानातला लाल दोरा ओवलेला.

अक्षर तुमचं नववी नापास माणसाचं मुळीच नाही, नाना. वेलांट्या जरा मोठ्या येतात, तेवढंच. आणि 'न' आणि 'ण' तुम्ही आत्याबाईंनी उच्चारला तसाच ठेवलाय, शुद्ध करायला गेला नाहीत. जिथे त्या अडल्या तिथे टिंबं आहेत. एका कार्डावर ओवीखाली कंसात लिहिलंय, 'इथे माय रडली. पुढचं पुढच्या शनिवारी.' त्या शनिवारी मी दुकानात होते. लग्नसराई होती. त्या रडल्याचं मला घरी कुणी सांगितलं नाही, त्यांनीही नाही.

एक अजून सांगायचंय. त्या हयात असताना तुम्ही एकदा त्यांना ही कार्डं दाखवली होती म्हणे. शेजारच्या काकूंनी मला नंतर सांगितलं. तुम्ही वाचून दाखवलंत आणि त्यांनी कार्ड हातात घेऊन, उलटं धरून, बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "हाई मीच सांगेल शे का?" तुम्ही हो म्हणालात. मग त्यांनी विचारलं की या कागदाच्या मागे काय आहे. मागे होतं शेतीवरच्या एका पुस्तकाचं कार्ड, केळी लागवडीचं. तेव्हा त्या म्हणाल्या, मग बरोबर आहे, केळीत पाणी देतानाच सुचली होती ही. खरं-खोटं देव जाणे. पण त्या अशा बोलायच्या खऱ्या.

१९३२ साली विनोबा धुळ्याच्या तुरुंगात दर रविवारी गीतेवर बोलायचे आणि साने गुरुजी समोर बसून लिहून घ्यायचे, हे तुम्हीच आम्हा बायांना सांगितलं होतं, राजवाडे मंडळ बघायला धुळ्याला गेलो होतो त्या सहलीत. एसटीत मागच्या सीटवर उभं राहून. तेव्हा मी शेंगा सोलत होते आणि माझं अर्धं लक्ष होतं. मंडळात इतिहासाचार्य राजवाड्यांनी गावोगाव हिंडून जमवलेली जुनी दप्तरं बघून तुम्ही काचेला नाक लावून उभे राहिलात आणि आपली गाडी तुमच्यामुळे वीस मिनिटं उशिरा निघाली. ड्रायव्हर चिडला होता. आम्हीही. तेव्हा आपल्या पिशवीत कोरी कार्डं होती हे तुम्ही कुणाला बोलला नाहीत.

तर नाना, आभार. हा शब्द तुमच्यासमोर तोंडातून निघणार नाही म्हणून इथे लिहिला. आत्याबाईंच्या शेवटच्या सहा वर्षांत महिन्याला एक शनिवार होता, ज्याची त्या वाट बघायच्या, ज्यासाठी शुक्रवारी रात्रीच लुगडं काढून उशाशी ठेवायच्या, आणि जिथे त्यांना कुणी 'अमक्याची आई' किंवा 'तमक्याची सासू' म्हणून नाही, तर "आज काय आनेल शे, माय?" म्हणून विचारायचं. मला हे त्यांना देता आलं नसतं. मला तर त्यांना हळदीकुंकवाचं खोटं सांगूनच न्यावं लागलं होतं.

वाचनालयाने तुम्हाला शाल दिली. पेन्शन नाही, हे सगळ्यांना माहीत आहे आणि निरोपाच्या भाषणात कुणी काढलं नाही. मी कार्यकारिणीत नाही, पण आम्ही बायांनी मिळून अर्ज केलाय की शनिवारची बैठक चालू राहावी आणि ती चालवायला तुम्हालाच बोलवावं, मानधन देऊन. चौतीस सह्या आणि अकरा अंगठे आहेत त्यावर. उत्तर आलं की कळवते. नाही आलं तर आमच्या पडवीत बसू, तांदूळ निवडायला जागा मोकळीच आहे.

आता कामाचं. गेल्या आठवड्यात सगळी कार्डं मुलाने मोबाइलवर फोटो काढून ठेवली. एकसष्ट क्रमांक आहेत, कार्डं साठ. अडतीस नंबर नाही. सदतीसमध्ये नवरा बाजारातून कासऱ्यासाठी सूत आणतो आणि एकोणचाळीसमध्ये एकदम पाळणा हलतोय, तेव्हा मधलं काहीतरी महत्त्वाचंच असणार. आमच्या घरी सगळं उलथून पाहिलं. तुमच्या त्या पत्र्याच्या पेटीत, नाहीतर स्वेटरच्या खिशात बघाल का? तुम्हाला तोंडपाठ असेल तर रविवारी सकाळी दुकान बंद असतं, मी कार्ड आणि पेन घेऊन येते. तुम्ही सांगा, मी लिहून घेते. वेलांट्या मला जमतील तशा.

तुमची,
पिको-फॉलवाली सूनबाई